अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना घेऊन क्रूझ: आठ महिन्यांनंतर लिहितेय

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबई–गोवा–मुंबई अशी ३ रात्रींची क्रूझ केली आणि वार्षिक परीक्षा संपल्यावर एप्रिलअखेर २ रात्रींची दुसरी. पहिलीवरून आल्या आल्याच लिहायला बसले होते, पण तेव्हा नुसतं "मस्त, मस्त" एवढंच उतरलं असतं. आता आठ महिने होऊन गेलेत. फोटो बघून झाले, क्रेडिट कार्डाचे हप्ते फिटले, आणि घरात त्या सफरींतलं काय टिकलं ते मला रोज दिसतंय. म्हणून आत्ता लिहिते.

बरोबर कोण कोण होतं ते आधी सांगते, कारण सगळा अनुभव त्यावरच ठरतो. माझी मुलगी सई तेव्हा १५ वर्षांची, नववीत. मुलगा ओम ११. दिरांचा वेदांत १३. आम्ही दोघं, आणि सासरे अण्णा. तान्ह्या बाळांना घेऊन किंवा नव्या जोडप्यांनी कशी क्रूझ करावी यावर पुष्कळ वाचायला मिळतं. या मधल्या वयाबद्दल मात्र मला काहीच धड मिळालं नव्हतं, आणि या वयाच्या मुलांना हिल स्टेशनवर नेलं की ती हॉटेलच्या खोलीत मोबाइल घेऊन बसतात हे आम्ही आधीच्या दोन सुट्ट्यांत बघितलं होतं.

आमच्या मुलांना जहाजावर काय मिळालं म्हणाल, तर आमच्याशिवाय फिरायला मिळालं. मुंबईत ११ वर्षांच्या मुलाला "जा, हवं तिथे जाऊन ये, नऊला भेटू" असं मी कधीच म्हणू शकत नाही. खाली रस्ता, समोर सिग्नल, स्टेशनवर गर्दी. जहाजाला सगळीकडे कठडा, जागोजागी माणसं, आणि बाहेर जायचा रस्ताच नाही. तिथे मी ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. ओम दोन पावलं गेला, परत आला आणि म्हणाला, "खरंच जाऊ?"

आता सविस्तर.

बुकिंग आम्ही एका एजंटमार्फत केलं आणि तिथेच फसलो. त्याने सांगितलं होतं की "टीन्स क्लब आहे, तिन्ही मुलांची सोय होईल." जहाजावर गेल्यावर कळलं की मुलांचा विभाग १२ वर्षांपर्यंतच. काउंटरवरच्या मुलीने वेदांतची जन्मतारीख बघितली आणि अगदी नम्रपणे नाही म्हणाली. ओमला आत घेतलं. वेदांत काही बोलला नाही, जाऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला आणि पितळी कठड्यावर बोटाने रेघा मारत राहिला. तो चेहरा मी विसरलेले नाही. तेराव्या वर्षी मूल लहानांत बसत नाही आणि मोठ्यांत कुणी घेत नाही. परदेशातल्या मोठ्या जहाजांवर हा विचार केलेला असतो: डिस्नेच्या जहाजांवर ११ ते १४ आणि १४ ते १७ अशा दोन वेगळ्या जागा आहेत, एमएससी या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर १२ ते १४ आणि १५ ते १७ असे गट आहेत. तेव्हा सिंगापूरहून जा किंवा मुंबईहून, एजंटला "मुलांसाठी काय आहे?" असं विचारू नका. "१३ वर्षांच्या मुलाला नेमकं कुठे प्रवेश आहे?" असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

त्याच एजंटने आमच्या दोन केबिन दोन वेगळ्या मजल्यांवर दिल्या होत्या. एकीत मी, सई आणि ओम, दुसरीत नवरा, अण्णा आणि वेदांत. लहान मुलांबरोबर ते कसंबसं निभावतं, पण मोठ्या मुलांना सतत या केबिनमधून त्या केबिनमध्ये जायचं असतं. एकाच मजल्यावर, समोरासमोर मागा. तिसरा पलंग वरून खाली ओढायचा असतो, शिडी लावून. ओमला तो इतका आवडला की दुपारीही तिथेच चढून बसायचा. सईला मात्र कपडे बदलायला बाथरूमशिवाय जागा नाही, आणि बाथरूममध्ये हात पसरला की भिंत लागते. पंधरा वर्षांच्या मुलीला हे खरंच अवघड जातं. दुसऱ्या सफरीत नवरा आणि ओम एका केबिनमध्ये, मी आणि सई दुसरीत असं केलं आणि सगळी कुरबुर थांबली.

मुंबईत जहाज बॅलार्ड पिअरवरून सुटतं, तिथे ग्रीन गेटमधून आत जायचं. मूळ आधार कार्ड मुलांचंही लागतं. मोठ्या बॅगा तिथेच घेतात आणि त्या केबिनपर्यंत पोचायला दोन-तीन तास सहज लागतात, त्यामुळे पोहायचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. आमचे तिघे पूलकडे बघत तेवढा वेळ कोरडे बसले होते. जहाज बंदरातून दक्षिणेला निघतं, म्हणून सुटताना डेकच्या उजव्या बाजूला उभे राहा. गेटवे, ताज, मग कुलाब्याच्या टोकाचं १८७५ सालचं प्रॉन्ग्ज दीपगृह, सगळं त्याच बाजूला. पुढे गोव्याकडे जाताना किनारा डावीकडे येतो.

अण्णा त्या संध्याकाळी डावीकडेच उभे होते. ते देवगडचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे, तेव्हा देवगडला बोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्यावर उतरावं लागायचं. वळकटी पसरून डेकवरच झोपायचं. रात्री साडेअकरापर्यंत ते कठड्याशी थांबले, देवगडचा दिवा दिसेल म्हणून. जहाज किनाऱ्यापासून फार लांबून जातं, काही दिसलं नाही. पण त्या चार तासांत सई त्यांच्या शेजारी उभी होती आणि पडावात उडी मारताना त्यांच्या आईने त्यांची मानगूट कशी धरली होती ते ऐकत होती. घरी ते दोघं चार वाक्यांपलीकडे बोलत नाहीत.

त्याला कारण मोबाइल. जहाज सुटल्यावर मात्र थोड्याच वेळात रेंज जाते. जहाजावर वायफाय विकत मिळतं, आम्ही एकही पॅक घेतलं नाही. पहिली संध्याकाळ सईने माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती विचारत आली, "पत्ते आणलेत का?" एक मात्र लक्षात ठेवा, सगळे फोन फ्लाइट मोडवर टाका. काही जहाजांवर सॅटेलाइटवरचं त्यांचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, रोमिंग चालू असेल तर फोन आपोआप त्याला जोडला जातो आणि बिल भरमसाट येतं.

मग मुलांचा ठावठिकाणा कसा ठेवायचा? केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यांना लोहचुंबक चिकटतं. दुसऱ्या सफरीला मी घरच्या फ्रिजवरची सहा चुंबकं नेली आणि दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठ्या लावायची पद्धत ठेवली. कोण कुठे, किती वाजता परत. "पूल. ६.३०." "टेबल टेनिस, मग जेवायला. ८." फोनपेक्षा हे चांगलं चाललं, कारण वेळ एकदा लिहिली की ती पाळावी लागत होती, उगाच दहादा फोन करून बदलता येत नव्हती.

ही अक्कल पहिल्या सफरीतल्या एका प्रसंगाने आली. पहिल्याच रात्री ओम हरवला. मुलांच्या विभागातून एकटा निघाला आणि केबिन सापडेना. जहाजाचे सगळे बोळ सारखे, गालिचा सारखा, दारं सारखी. जहाजावर प्रत्येकाला जे कार्ड देतात त्यावर सुरक्षेसाठी केबिनचा नंबर छापलेला नसतो आणि त्याने तो पाठ केला नव्हता. चाळीस मिनिटं आम्ही वर-खाली धावत होतो. माझे हात थरथरत होते. शेवटी सापडला तो कुठे? दुपारी जहाज सुटायच्या आधी आपत्कालीन कवायत झाली होती, त्यात आपापल्या जमायच्या जागेवर उभं केलं होतं आणि त्या जागेचं अक्षर कार्डावर छापलेलं होतं. ओम कार्ड बघून तिथे जाऊन उभा होता. रडला नव्हता. मला म्हणाला, "ते म्हणाले होते ना, काही झालं तर इथेच यायचं." ही कवायत लोक कंटाळून, फोटो काढत उरकतात. कृपया मुलांना घेऊन नीट करा, आणि केबिनचा नंबर पाठ करून घ्या.

दुसरी चूक माझी. पहिल्या दोन दिवसांत "ओमकडे बघ गं" हे मी सईला इतक्यांदा म्हटलं की तिसऱ्या दिवशी ती जेवणाच्या टेबलावर म्हणाली, "आई, मी सुट्टीला आलेय की ओमला सांभाळायला?" तिचं बरोबर होतं. दुसऱ्या वेळी ती जबाबदारी तिच्यावर अजिबात टाकली नाही आणि तिच्या एका मैत्रिणीलाही बरोबर घेतलं. मैत्रिणीच्या आईवडिलांचं सहीचं संमतीपत्र आणि तिचं ओळखपत्र लागलं. या वयात एक मैत्रीण बरोबर असली की आईबाबांचं निम्मं काम होतं.

बोट लागण्याबद्दल. हा शब्द आपल्या कोकणातल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी जहाज थोडं हेलकावत होतं आणि वेदांतने दुपारी सगळं ओकून टाकलं. कानातलं तोलाचं यंत्र सांगतं की आपण हलतोय, आणि बंद केबिनमध्ये डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे, त्या गोंधळाने मळमळतं. म्हणून केबिनमध्ये पडून मोबाइलवर गेम खेळणं सगळ्यात वाईट. अण्णांनी त्याला उघड्या डेकवर मधोमध नेऊन बसवलं, क्षितिजाकडे बघायला लावलं, आलेपाकाची एक वडी तोंडात ठेवायला दिली. तासाभरात बरा झाला. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू व्हायच्या आधी, शिवाय तिने झोप येते हे धरून चाला. केबिन निवडता आली तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची घ्या, टोकापेक्षा तिथे हालचाल कमी जाणवते.

तिथेच डेकवर वेदांतला दाभोळकडचा एक खलाशी दादा भेटला. मराठी ऐकून थांबला आणि फावल्या वेळात त्याने वेदांतला दोन हात लांब दोर आणून बोलाइनची गाठ शिकवली. कितीही ओढली तरी फास आवळत नाही आणि काम झालं की सहज सुटते. जहाजाच्या वेगाला 'नॉट' का म्हणतात तेही सांगितलं: पूर्वी ठरावीक अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून, किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. १ नॉट म्हणजे तासाला १,८५२ मीटर. ज्या मुलाला मुलांच्या विभागातून परत पाठवलं होतं, त्याला पुढचे दोन दिवस काही कमी पडलं नाही.

खाण्याची चिंता करू नका, बुफेत भरपूर असतं आणि या वयाची मुलं रात्री अकरालाही जेवू शकतात. पैशांची मात्र करा. ओमच्या कार्डावरून गेम्सच्या खोलीत रक्कम कापली जात होती, आम्हाला शेवटच्या दिवशी कळलं. रिसेप्शनला सांगितलं की मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून देतात, पहिल्या तासातच करा. जाहिरातीतल्या आकड्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी आणि सेवा शुल्क चढतं. आम्हाला शेवटी जवळजवळ दीडपट पडलं.

रात्री उशिराचं वातावरण मला आवडलं नाही. डीजे सुरू झाला की पिऊन आलेले घोळके डेकवर असतात. तिथे आमचा नियम पक्का होता: साडेदहानंतर मुलं एकटी वरच्या डेकवर नाहीत. सई कुरकुरली, पण नियम मोडला नाही.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं. आम्ही पॅकेजच्या बसने न जाता टॅक्सी करून जवळच बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय बघितलं. तिथल्या अजस्र सुपर कॉन्स्टेलेशन विमानाखाली तिघंही मान वर करून उभी होती. परतीची वेळ तासभर आधीची धरा, जहाज थांबत नाही.

आता घरातलं. सई दहावीत आहे आणि जूनपासून दादरहून चर्नी रोडला क्लासला एकटी लोकलने जाते. आधी मी हे कबूल केलं नसतं. तिने स्वतःच फ्रिजवर चिठ्ठी लावायला सुरुवात केली, तीच चुंबकं: "क्लास. ८.१० पर्यंत घरी." आणि मी मध्ये फोन करत नाही. वेदांतच्या घरी कपडे वाळत घालायच्या दोरीला बोलाइन मारलेली आहे, आणि व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणाऱ्या, सीवूड्सजवळच्या चाणक्य प्रशिक्षण संस्थेत प्रवेश कसा मिळतो ते तो माझ्या नवऱ्याला विचारत असतो.

यंदा दिवाळीत सईचं वर्ष म्हणून जाणार नाही. मे महिन्यात जाऊ. तिघांनी मिळून स्वतःसाठी वेगळी केबिन मागितलीय, समोरच्या बाजूची. आम्ही हो म्हटलंय. अण्णांचं एकच म्हणणं आहे, त्यांची केबिन जाताना डाव्या बाजूची हवी.