म्युझियम बघून झाल्यावर: जहांगीर, एनजीएमए, ओव्हल की गेटवे?

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय नीट बघायचं तर तीन तास सहज जातात. शिल्पदालन, वरच्या मजल्यावरची लघुचित्रं, सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांनी दिलेला संग्रह, असिरियन राजवाड्यातून आलेले शिलापट, मधल्या दालनात नाशिकच्या वाड्यातून आणलेलं लाकडी काम. एवढं पाहून फाटकाबाहेर आलं की दोन-अडीच तास उरलेले असतात आणि बहुतेकांचे पाय आपसूक गेटवेकडे वळतात. त्या वेळी गेटवेला जाण्यात फारसं काही मिळत नाही असं माझं मत आहे, आणि म्हणूनच हा आढावा.

जवळचे चार पर्याय खरोखर तोलून बघण्यासारखे आहेत: शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी, समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (सगळे एनजीएमए म्हणतात), ओव्हल मैदान आणि गेटवे. चारही ठिकाणं चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहेत, त्यामुळे अंतराचा मुद्दा निकालात निघतो. निवड करताना विचारायचा प्रश्न वेगळा: तुमचे पाय दमलेत की डोळे? म्युझियममधून बाहेर येणाऱ्यांचे डोळेच जास्त दमलेले असतात. तीन तास काचेआडच्या वस्तू आणि त्यांच्याखालच्या पाट्या वाचल्यावर आणखी एका मोठ्या संग्रहात शिरलं, तर तिथली चांगली चित्रंही नुसती नजरेखालून जातात.

म्हणून आधी जहांगीर आणि एनजीएमए यांच्यातला फरक. दोन्ही वास्तूंना एकाच कावसजी जहांगीर घराण्याच्या देणगीचा आधार, दोन्हींत चित्रं, पण अनुभव अगदी निरनिराळा. जहांगीर 1952 साली उभी राहिली, चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. आत जायला पैसे लागत नाहीत. छोटी छोटी दालनं आहेत, प्रदर्शनं सारखी बदलतात आणि चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. हे फार मोलाचं आहे. कोल्हापूर, सांगली, नाशिककडून आलेला एखादा चित्रकार इथे जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं थांबलेला असतो, आणि तुम्ही "हा रंग कसा लावलात?" असं विचारलंत की मनापासून सांगतो. म्युझियममध्ये ज्यांची लघुचित्रं बघितली, त्यांना हा प्रश्न आता कोणी विचारू शकत नाही. प्रदर्शनांचा दर्जा मात्र एकसारखा नसतो, हेही खरं. एका दालनात फार काही नसलं तर पुढच्यात जावं, अर्ध्या-पाऊण तासात सगळं बघून होतं. बाहेर फुटपाथवर व्यक्तिचित्रं काढणारे कलाकार बसतात. ते कोळशाने गालाची सावली कशी घासून आणतात ते जरा थांबून बघा. आतलं कॅफे समोवार 2015 साली बंद झालं. चित्रकारांच्या कितीतरी पिढ्या तिथे चहावर तासन्‌तास बोलत बसल्या होत्या. ती उणीव अजून भरून निघालेली नाही.

एनजीएमए याच्या उलट. बाहेरून दिसतं ते 1911 सालचं सर कावसजी जहांगीर सभागृह, जिथे एकेकाळी सभा आणि मैफली होत. 1996 पासून तिथे कला संग्रहालय आहे. आत गेल्यावर सरळ लांब दालन दिसतच नाही. अर्धगोल सज्जे एकावर एक चढत जातात, प्रत्येक पायरीगणिक खालचं चित्र वेगळ्या कोनातून दिसतं, आणि शेवटी तुम्ही घुमटाखाली पोहोचता. एखाद्या मोठ्या चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन लागलेलं असेल तर ही इमारत त्या चित्रांना जसा न्याय देते तसा मुंबईत दुसरीकडे क्वचितच मिळतो. पण एनजीएमए मागते भरपूर: दीड तास, ताजी नजर, आणि पायऱ्या चढणारे गुडघे. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात गेलात तर हाती फारसं लागत नाही, त्यामुळे काय लागलंय ते आधी बघूनच जावं. माझा सल्ला असा की म्युझियम आणि एनजीएमए एका दिवसात कोंबू नका. आधुनिक भारतीय चित्रकलेची खरी ओढ असेल तर त्या दिवशी एनजीएमए आधी आणि जहांगीर नंतर करा, म्युझियम दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

तर मग संध्याकाळी काय? माझं उत्तर ओव्हल. मैदानाच्या मधोमध उभं राहून पूर्वेकडे बघितलं तर उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर दिसतात. टोकदार कमानी, दगडी कोरीवकाम, एकोणिसाव्या शतकातली मुंबई. पश्चिमेकडे वळलं की 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती: गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे निघालेले सिमेंटचे छज्जे, सूर्यकिरणांची नक्षी, दारावर ठसठशीत अक्षरांत इमारतीचं नाव. जेमतेम साठ वर्षांच्या अंतराने उभी राहिलेली दोन शहरं समोरासमोर आहेत आणि मधल्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळतायत. 2018 साली युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा यादीत घेतलं.

उजेडाचा हिशेब इथे महत्त्वाचा. न्यायालय आणि राजाबाई टॉवर यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे मावळतीचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं आणि कोरीवकामातली प्रत्येक खाच उठून दिसते. आर्ट डेकोची बाजू तेव्हा सावलीत जाते. तिचे फोटो हवे असतील तर सकाळी यावं. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून 1878 साली पूर्ण झाला. विद्यापीठाच्या आवारात सगळ्यांना सहज सोडत नाहीत, म्हणून तो मैदानातून बघायचा असंच धरून चालावं.

ओव्हलला जाताना काळा घोडा चौकातून गेलात तर डेव्हिड ससून ग्रंथालयाची 1870 ची इमारत आणि आतल्या गल्लीतलं 1884 चं केनेसेथ एलियाहू हे निळं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) वाटेत लागतात. सिनेगॉगमध्ये जायचं तर ओळखपत्र जवळ असू द्या. डागडुजीनंतर आतल्या रंगीत काचा आणि खांब फार देखणे झाले आहेत. चौकातला बिनस्वाराचा घोडा 2017 चा आहे. ब्रिटिश राजा सातवा एडवर्ड याचा मूळ अश्वारूढ पुतळा 1965 मध्येच हलवला गेला, तो आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे.

आता गेटवे. तो बघू नका असं मी मुळीच म्हणत नाही, फक्त वेळ बदला. गेटवेचं तोंड समुद्राकडे, म्हणजे पूर्वेला. संध्याकाळी त्या बाजूला सावली आणि अंगाला अंग लागेल इतकी गर्दी. सकाळी ऊन थेट कमानीवर येतं आणि दगडाचा पिवळसर रंग खुलतो. तिथून निघून सव्वादहाला म्युझियम उघडतं तेव्हा दारात पोहोचलात, तर आणखी एक गोष्ट जुळून येते. म्युझियम, एनजीएमएचं सभागृह आणि गेटवे या तिन्ही इमारती जॉर्ज विटेट या एकाच वास्तुरचनाकाराच्या. सभागृह 1911 चं, म्युझियमची इमारत 1914 ला पूर्ण झालेली, गेटवे 1924 चा. म्युझियमच्या घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाची छाप आहे, गेटवेच्या कमानींवर आणि जाळ्यांवर गुजरातची. सभागृहात यातलं काहीच नाही. ते सरळ युरोपीय वळणाचं आहे. एकच माणूस युरोपीय वळण आणि इथले घुमट-जाळ्या दोन्ही कसे हाताळतो, ते अर्ध्या तासाच्या चालण्यात समजतं. वास्तुकलेची आवड असणाऱ्याने चारही पर्याय बाजूला ठेवून हे एवढंच केलं तरी दिवस कारणी लागला.

घारापुरीची लेणी मात्र याच दिवशी नको. गेटवेवरून बोटीने एका बाजूला साधारण तास लागतो, वर पायऱ्या आहेत, आणि सदाशिवाच्या त्या भव्य मूर्तीसमोर घड्याळ बघत उभं राहणं हा तिच्यावर अन्याय आहे. स्वतंत्र दिवस द्या.

बरोबर लहान मुलं असतील तर हा सगळा हिशेब बदलतो. दुसरी गॅलरी नकोच. म्युझियमच्या आवारातच 2019 मध्ये मुलांसाठी वेगळं संग्रहालय सुरू झालंय, मुख्य इमारतीत भुसा भरलेले प्राणी-पक्षी आहेत; त्यानंतर गेटवेवरून छोटी समुद्रफेरी किंवा ओव्हलवर मोकळं धावू देणं. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन आलात तर जहांगीर बघा आणि तिथून टॅक्सी करा. ओव्हलला जाताना रस्ते ओलांडणं त्यांना जड जातं.

पावसाळ्यात ओव्हलवर चिखल आणि बोटींचा भरवसा नाही, तेव्हा जहांगीर आणि एनजीएमए यांचं पारडं आपोआप जड होतं. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा कला महोत्सवाचे नऊ दिवस असतात. तेव्हा महोत्सवासाठीच या, म्युझियम शांतपणे बघण्याचा बेत पुढे ढकला. सोमवारी एनजीएमए आणि घारापुरी दोन्ही बंद, म्युझियम आणि जहांगीर चालू. मेट्रो तीनने येणार असाल तर हुतात्मा चौक स्थानकावर उतरा. जवळच फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारे बसतात, आणि कलेवरची जाडजूड जुनी पुस्तकं तिथे अजून मिळतात. ती परतीच्या वाटेवर घ्या, नाहीतर दिवसभर ओझं वाहावं लागेल.