डिकीचं कार्पेट ओलं झालंय? उद्यमबागेतल्या ह्या मिस्त्रींकडं जावा

आमची गाडी सहा वर्षं जुनी हॅचबॅक, केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग, टिळकवाडीतनं खानापूरला रोज शाळेला जाते मी तीच घेऊन. जून संपता संपता गाडीत बसलं की कुबट वास यायला लागला आणि सकाळी मागची काच आतनं दव धरलेली असायची. मी म्हटलं पावसाचे दिवस आहेत, बेळगावात आषाढात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत तिथं गाडीला वास येणारच. मग एका शनिवारी गावाकडनं तांदळाचं २५ किलोचं पोतं आणलं, रात्रभर डिकीतच राहिलं, आणि सकाळी उचलायला गेले तर पोत्याचं बूड ओलं. कार्पेटला वरनं हात लावला तर कोरडं लागतंय, पण तळव्यानं जोरात दाबलं की बोटांच्या मधनं पाणी वर येतंय. पाच-सहा किलो तांदूळ गेला ओ, नवीन तांदूळ होता, फार जिवाला लागलं.

आधी मी काय केलं ते सांगते म्हणजे तुमचे तरी पैसे वाचतील. घराजवळच्या एका वॉशिंग सेंटरला गाडी नेली, त्यांनी वरनं शाम्पूचा फेस घासला, व्हॅक्यूम मारला, परफ्यूम फवारला आणि ७०० रुपये घेतले. तीन दिवसांत वास दुप्पट. कारण पाणी होतं कार्पेटच्या खालच्या फेल्टमध्ये, म्हणजे जाड नमद्यासारखा थर असतो त्यात, आणि त्यांनी वरनं आणखी घातलं. मग एका सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर कार्पेट बदलून घ्या म्हणाले, हजारांतला आकडा सांगितला, पण पाणी येतंय कुठनं हे डिकीत वाकून बघायची तसदी कुणी घेतली नाही. ह्याचा मला खरंच राग आला.

शेवटी आमच्या शाळेतल्या एका सरांनी उद्यमबागेतल्या ह्या मिस्त्रींचं सांगितलं. मूळ काम सीट कव्हर आणि गाडीच्या आतल्या शिलाईचं, छोटं शेड आहे, आजूबाजूला सगळे लेथ आणि फाउंड्रीवाले. बोर्ड नाही आणि नाव कुठं घालू नका असं मिस्त्रींनीच सांगितलंय म्हणून घालत नाही. गेल्या गेल्या मी म्हटलं, मामा, कार्पेट वाळवून द्या. ते म्हणाले, "वाळवून देतो की अक्का, पण पाणी कुठनं येतंय ते न बघता वाळवलं तर पुढच्या पावसात परत माझ्याकडंच येशीला, मग मला शिव्या देशीला." तिथंच मला माणूस पटला.

मी दोन तास तिथंच उभी राहून बघितलं. डिकीतला वरचा बोर्ड काढला, तो दाबलेल्या भुशाचा असतो, कडेनं फुगून पापड झाला होता. स्टेपनी, जॅक, पान्हे सगळं बाहेर. मग डिकीच्या तोंडाशी प्लास्टिकची लांब पट्टी असते ती, मग बाजूचे प्लास्टिक, मागची सीट पुढं पाडून तिथल्या क्लिपा. ह्या क्लिपा स्क्रू ड्रायव्हरनं उचकटल्या की मान तुटती, त्यांनी प्लास्टिकची चपटी पट्टी घालून आधी मधलं बटण वर घेतलं आणि मग क्लिप काढली. कुठली क्लिप कुठली हे कळावं म्हणून दोन वेगळे डबे, डावीकडच्या एकात, उजवीकडच्या एकात. अकरा क्लिपांतल्या तीन मोडल्या, त्या आधीच कडक झाल्या होत्या. कार्पेट ओढून काढलं नाही, कडेनं थोडं थोडं सोडवत, वायर कुठं अडकत नाही ना बघत, दोघांनी मिळून उचललं. खाली जाड राखाडी फेल्ट, गच्च भिजलेलं, उचलताना पाण्याची धार लागली. स्टेपनीच्या खड्ड्यात चार बोटं पाणी साठलेलं, नटाभोवती गंज. डिकीत तोच सगळ्यात खोल भाग, पाणी कुठनंही आत शिरू दे, पत्र्यावरनं घरंगळत तिथंच येतंय, म्हणून पाणी जिथं दिसतंय तिथंच गळतंय असं धरून चालायचं नाही हे त्यांनी मला दाखवून दिलं. खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतंय, ते काढून पाणी सोडलं.

मग गळती शोधली, आणि मला ह्या सगळ्यात हेच काम सगळ्यात भारी वाटलं. आतला पत्रा पुसून कोरडा केला, टेललॅम्पच्या मागं, कडेच्या खाचांत, रबराच्या खाली वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले. एक पोरगा टॉर्च घेऊन डिकीत बसला, दार बंद, आणि बाहेरनं मिस्त्रींनी साधी पाइप धरली, प्रेशर नाही, पावसासारखं पाणी. सुरुवात खालनं, बंपरपासनं, एकेका जागी पाच-सात मिनिटं, मग वर वर. मी विचारलं खालनं का, तर वरनं पाणी सोडलं की सगळीकडंच वाहतंय आणि नेमकी जागा कळत नाही. प्रेशर पंपानं मारलं तर पावसात कधी जिथनं जाणार नाही तिथनं पण पाणी घुसतंय आणि माणूस भलतीकडंच शोधत बसतोय. मला पक्कं वाटत होतं दाराचं रबर गेलंय, नवीन रबराची किंमत पण विचारून ठेवली होती. डाव्या टेललॅम्पला पाइप आली आणि आतनं पोरगा ओरडला, आलं आलं!

लॅम्प काढला तर मागचं फोमचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवायची पट्टी, एका कोपऱ्यात दुमडून बसलेलं. गेल्या वर्षी मागं थोडा डेंट काढून घेतला होता, तेव्हा लॅम्प काढून परत बसवताना कुणीतरी ते नीट बसवलं नाही. एवढ्याशा फटीतनं महिनाभर पाणी आत. मी म्हटलं सिलिकॉन लावून टाका. नको म्हणाले, ते आंबूस वासाचं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतंय आणि पुढं बल्ब बदलायला लॅम्प काढताना जीव जातोय. ब्युटाइलची काळी चिकट टेप लावली, ती वाळून कडक होत नाही आणि लॅम्प परत काढता येतोय. लॅम्प बसवून त्याच जागी परत दहा मिनिटं पाणी सोडलं, कागद कोरडा.

आता वाळवायचं. कार्पेट पिळलं नाही, पिळलं की साच्यातला आकार जातोय आणि मग डिकीत नीट बसत नाही. आधी पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं उलट बाजूनं ओढून घेतलं, बादलीभर काळं पाणी निघालं. अगदी थोड्या साबणानं धुतलं, साबण मुरून राहिला तर तिथंच परत घाण आणि ओल धरतंय म्हणून दोनदा चांगल्या पाण्यानं खळबळून परत ओढलं. बाहेर तर झड लागलेली. शेडमध्ये लोखंडी जाळी आडवी टाकलीय त्यांनी, कार्पेट त्यावर पालथं, फेल्ट सुटं करून दुसऱ्या जाळीवर, खालनं एक पंखा आणि वरनं एक. शेजारी पावडर कोटिंगवाल्याची भट्टी आहे, त्या भिंतीची ऊब लागते म्हणून जाळ्या त्याच बाजूला ठेवल्यात. हीट गनचं मी विचारलं, तर एकाच जागी धरली की धागा वितळून चकचकीत डाग पडतोय म्हणाले, आणि खरंय ते, हा सगळा प्लास्टिकचाच धागा.

दोन दिवसांत देतो म्हणाले होते, लागले चार. मधे मी एकदा जाऊन आले, हाताला कार्पेट कोरडं लागत होतं, मी म्हटलं द्या की आता. त्यांनी फेल्टच्या एका जागेवर प्लास्टिकचा कागद कडेनं चिकटवून ठेवला होता, तो उचलून दाखवला, आतल्या बाजूला बारीक थेंब. अजून आत पाणी आहे अक्का, म्हणाले. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला तसंच बसवून देणं त्यांना अवघड नव्हतं, पण दिलं नाही. तेवढ्या दिवसांत खड्ड्यातला गंज घासून प्रायमर आणि रंग मारून ठेवला.

बिल १,९०० रुपये, त्यात क्लिपा, टेप, रंग सगळं आलं. फुगलेला बोर्ड वाळवून सरळ झाला नाही, प्लायचा नवीन कापून घेतला त्याचे ३५० वेगळे. माझ्या मते पैसे वसूल.

जे आवडलं नाही ते पण लिहिते. फोन उचलत नाहीत, चार दिवसांत एकदाच उचलला, त्यामुळं मला रिक्षानं जाऊन विचारून यावं लागलं. चार दिवस लागणार हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर शाळेला जायची सोय तरी करता आली असती. बसायला जागा नाही, लहान पोरं घेऊन जाऊ नका, सगळीकडं पत्रा आणि खिळे. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात. बदललेल्या तीन क्लिपा काळ्या आहेत आणि बाकीच्या करड्या, मला चालतंय, कुणाला खुपेल.

काम होऊन पाच आठवडे झाले. मधे जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला घाट उतरून गोव्याला जाऊन आलो, त्या पट्ट्यातला पाऊस तुम्हाला माहीत आहे, आख्खा रस्ता वायपर फुल्ल स्पीडवर. घरी आल्यावर रात्रीच टॉर्च घेऊन स्टेपनी वर केली, मिस्त्रींनी खड्ड्यात वर्तमानपत्राचा एक तुकडा मुद्दाम ठेवून दिला होता, तो तसाच कुरकुरीत. वास पण पूर्ण गेलाय.

जाणार असाल तर खानापूर रोडनं उद्यमबागेत शिरा आणि सीट कव्हरवाले मामा म्हणून कुणालाही विचारा, सकाळी दहाच्या आत पोचा, नंतर गाड्यांची रांग लागते. रविवारी बंद. आणि डिकी घरनंच रिकामी करून न्या, त्यांच्याकडं सामान ठेवायला जागा नाही.