नौपाड्यातील जुन्या चित्रपट-साहित्याचे दुकान आणि ‘प्रपंच’ची पुस्तिका

ठाण्यात, नौपाड्यातील गोखले रस्त्यालगतच्या एका गल्लीत जुन्या ग्रामोफोन तबकड्या आणि चित्रपटांचे छापील साहित्य विकणारे एक लहानसे दुकान आहे. मराठी चित्रपटांचा संग्रह करणाऱ्याने ते आवर्जून गाठावे. गाजलेल्या हिंदी चित्रपटांची पोस्टरे इतरत्रही मिळतात. १९६१ सालच्या ‘प्रपंच’ची गीतपुस्तिका मात्र मला येथेच मिळाली.

मधुकर पाठक यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे नशीब विचित्र आहे. ‘विठ्ठला, तू वेडा कुंभार’ हे त्यातले गाणे ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा, पण ज्या लेकुरवाळ्या, ओढग्रस्त कुंभाराच्या घरासाठी ते लिहिले गेले, ते घर पडद्यावर पाहिलेले फार थोडे. शाहीर अमर शेख आणि सुलोचनाबाई यांच्या अभिनयामुळे तेथील गरिबी उपदेशाचा विषय राहत नाही, ती रोजच्या जगण्याची गोष्ट होते. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांची चाल आपण एरवी भक्तिगीत म्हणून ऐकतो; परंतु खाणारी तोंडे वाढतच चाललेल्या त्या संसारात, अंत नसलेल्या घटांच्या उतरंडीचा उल्लेख थेट काळजाला भिडतो आणि गाणे देवाला विचारलेला जाब ठरते. म्हणूनच पुस्तिकेचे मोल आहे: गाणी, कथासार आणि श्रेयनामावली एकत्र वाचताना ते गाणे पुन्हा आपल्या कथेत जाऊन बसते.

दुकानदारांची पद्धत मला फार आवडली. प्रत्येक पुस्तिका पारदर्शक पाकिटात असून सोबतच्या चिठ्ठीवर तिचे दोष स्पष्ट लिहिलेले असतात; माझ्या प्रतीच्या पिना गंजल्या आहेत आणि मधले पान सुटे आहे, हे त्यांनी पैसे घेण्यापूर्वीच दाखवले. नव्याने छापलेल्या नकला वेगळ्या ठेवलेल्या आहेत. जुन्या कागदाला ते लॅमिनेशन करत नाहीत, कारण उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुढे कागदाला इजा न करता काढता येत नाही. संग्राहकांनी हा आग्रह सर्वत्र धरायला हवा.

जागा अरुंद आहे, भाव चढे आहेत आणि घासाघीस चालत नाही. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी जुनी तबकडी घ्यायची असेल, तर दुकानातल्या यंत्रावर दोन्ही बाजू वाजवून घ्याव्यात. ते आनंदाने ऐकवतात.