गवत कापत राहायचं की बागा उभारायच्या?

गवतकापणीचा धंदा बरा चाललेला असताना लँडस्केपिंगकडे, म्हणजे पायवाटा, वाफे, झाडं लावून बागा उभारायच्या कामाकडे वळावं का, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्याकडे बहुधा दोन मशीन, एक ब्रश कटर, पंधरा-वीस ठरलेली गिऱ्हाइकं आणि एक दुखरी कंबर असते. मी सहा हंगाम नुसतं गवत कापलं आणि मग हळूहळू पलीकडे सरकलो. त्यामुळे माझं मत अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. कोणतं मशीन घ्यावं, पात्याला धार कधी लावावी, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

आधी गवताची बाजू, कारण तिला लोक उगाच कमी लेखतात. सकाळी घरातून निघताना आज किती हातात पडणार हे माहीत असतं. माल विकत घ्यावा लागत नाही. कुणी पैसे बुडवले तर फार तर महिनाभराच्या फेऱ्या बुडतात. नवा पोरगा आठवड्याभरात कामाला लागतो. आणि चूक पोटात घालणारा असा धंदा दुसरा नसेल. एकदा मशीनची कापायची उंची बदलायची विसरून मी एक अख्खा कोपरा माती दिसेपर्यंत तासला होता. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी तो कोपरा कोणता, हे मलाही शोधावं लागलं असतं.

गिऱ्हाइकं एकमेकांना लागून असतील, तर या धंद्यात खरंच पैसे आहेत. वीस मिनिटांची कापणी आणि त्यासाठी पंचवीस मिनिटांचा प्रवास, असं असेल तर नाहीत. एका गल्लीतली पाच घरं मला चार दिशांच्या दहा घरांपेक्षा कायम जास्त देऊन गेली. तुमची तशी गल्ली असेल, तर पुढचं जरा सावकाश वाचा. कदाचित तुम्हाला हलायची गरजच नाही.

मला हलवलं ते पावसाने.

पावसात काम बंद पडतं, हे कुणीही सांगेल. बाहेरचं काम म्हटलं की ते आलंच, लँडस्केपिंगमध्येही आहे. पण गवताच्या बाबतीत ज्या पावसाने तुम्हाला घरी बसवलं, तोच पाऊस तिकडे तुमचं काम वाढवत असतो. चार दिवस गेले की सोमवार ते गुरुवारची सगळी घरं शुक्रवार-शनिवारवर येऊन आदळतात आणि त्यातलं प्रत्येक गवत ठरल्यापेक्षा बरंच उंच झालेलं असतं. दर मात्र फेरीचा ठरलेला. सेंटिमीटरवर दर लावणारा मला तरी कुणी भेटला नाही.

एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नये, हा नियम आपण सगळे सांगतो. सहा सेंटिमीटर राखायचं असेल तर नऊ झालं की कापायचं. आता पावसाने ते पंधरावर नेलं. नियमाने आज दहापर्यंत आणायचं, चार-पाच दिवसांनी पुन्हा येऊन सातच्या आसपास. म्हणजे दोन फेऱ्या, दोनदा प्रवास आणि पैसे एकदाचे. एकदमच खाली आणलं तर गवत पिवळं पडतं आणि बोल आपल्याला लागतो. ओल्यातच कापलं तर मशीनच्या पोटात लगदा चिकटतो, हिरवळीवर ढेकळांसारखे गोळे पडतात, चाकांच्या चाकोऱ्या उठतात. मी हे तिन्ही करून पाहिलंय, पैकी दोन एकाच दिवशी.

आणि त्या चार दिवसांत फोन वाजत राहतो. ‘आज येताय ना?’ माणसं वाईट नव्हती, त्यांच्या घरी पाहुणे यायचे असायचे. पण खिडकीबाहेर धो धो कोसळत असताना सतरा जणांना सतरा वेळा तेच उत्तर द्यायचं, आणि उत्तर देता देता तिकडे गवत वाढतंय हे ठाऊक असायचं. मला वाटतं मशीनच्या आवाजाने किंवा उन्हाने मी दमलो नव्हतो. थकवलं ते या चक्रव्यूहाने.

गवत कापायचं यंत्र एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने 1830 साली काढलं. कापडावर वर आलेली लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ते सुचलं म्हणतात. कापडाची लव एकदा कातरली की परत उगवत नाही. कल्पना उचलताना बडिंगसाहेबांचं एवढंच दुर्लक्ष झालं.

आता पलीकडची बाजू. पावसाने अर्धी राहिलेली पायवाट चार दिवसांनी अर्धीच असते. हे वाचायला फारच क्षुल्लक वाटेल, पण मला झोप मिळाली ती या एका गोष्टीमुळे. खड्ड्यात पाणी साचतं, ओली माती धुमसून, म्हणजे ठोकून, बसत नाही, दोन दिवस ऊन खायला द्यावे लागतात, हे सगळं खरं. तरी काम वाढून बसत नाही. शिवाय गिऱ्हाइकाला एकच फोन करायचा असतो.

मात्र इथे चुकीला माफी नाही, आणि पहिल्या कामातच मला ते कळलं. बारा मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी, म्हणजे 1.2 मीटर रुंद पायवाट. खडीचा पाया दहा सेंटिमीटर, वर कच (दगडाचा बारीक चुरा) तीन, वर सहाचे पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे), म्हणजे साधारण एकोणीस-वीस खोदायचं. माती निघणार पावणेतीन-तीन घनमीटर, असा कागदावर हिशेब केला आणि तेवढ्याच वाहतुकीचे पैसे लावले. जमिनीत दाबून बसलेली माती खणली की फुगते, चांगली चतकोराने फुगते, हे वहीत नव्हतं. साडेतीन घनमीटरच्या वर ढीग झाला. खडीचं नेमकं उलट. पाया भरायला जेमतेम दीड घनमीटर लागेल म्हणून तेवढीच मागवली, आणि धुमसल्यावर ती बसली. वीस-पंचवीस टक्के जास्त मागवायला हवी होती. माती नेणारी गाडी दोनदा, खडीची गाडी दोनदा. पहिल्या कामात मी मजुरीसुद्धा सोडवली नाही.

दुसरी चूक ढाळाची. पाणी घरापासून दूर जायला दोन टक्के ढाळ पुरतो, त्या रुंदीत जेमतेम अडीच सेंटिमीटर. डोळ्यांनी बघून ते कळत नाही, पाणी भरलेल्या नळीने पातळी घ्यावीच लागते. मी डोळ्यांवर भरवसा ठेवला. पुढच्या पावसात मधोमध डबकं झालं, तेव्हा सात ओळी पेव्हर उचलून कच परत ओढला. गवतासारखं तीन आठवडे थांबून ते भरून आलं नसतं.

झाडांचं त्याहून नाजूक. खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट-तिप्पट रुंद घ्यायचा, पण खोल हुंडीएवढाच. खोड जिथे मुळांकडे पसरायला लागतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. आच्छादन पाच-सात सेंटिमीटर, आणि बुंध्याला टेकवायचं नाही. हे सगळं बरोबर करूनही दोन महिन्यांत झाड वाळतं, कारण पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. मग ते झाड कुणाच्या खिशातून बदलायचं? मी आता पाणी घालायची जबाबदारी कोटेशनमध्येच लिहितो. तरीही दर वर्षी एखादं झाड पदरमोड करून बदलतो, भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

पैशांची चाल दोन्हीकडे इतकी वेगळी आहे की त्यांची तुलना करावी की नाही, हेच मला कळत नाही. गवताचा पैसा नळासारखा, बारीक पण रोजचा. लँडस्केपिंगचा विहिरीसारखा, आधी खणा. मालाचे पैसे तुमच्याकडून आधी जातात, म्हणून आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय खडीची गाडी बोलवायची नाही. मी तीन हप्ते ठेवतो: मालापुरते सुरुवातीला, पाया झाल्यावर दुसरा, शेवटचा काम बघून. शेवटचा छोटा ठेवा. अडकतो तो तोच. आणि दोन कामांच्या मध्ये तीन आठवडे रिकामे जाऊ शकतात. घरात दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायचा असेल, तर हा मुद्दा पावसापेक्षा मोठा ठरू शकतो. तसं असेल तर माझं ऐकू नका.

शरीराचं म्हणाल तर दोन्हीकडे कंबर जातेच. फक्त गवतात ती रोज थोडी जाते आणि दगडात एखाद्या दुपारी एकदम.

उडी मारण्याऐवजी सरकायचा एक रस्ता मला सापडला, तो सांगतो. तुमच्या सध्याच्या गिऱ्हाइकांकडे कापताना जी जागा तुम्हाला छळते, तिथेच तुमचं पहिलं लँडस्केपिंगचं काम असतं. भिंत आणि वाट यांच्यामधली वीतभर पट्टी, जिथे मशीन शिरत नाही आणि ब्रश कटरच्या दोरीने कापताना भिंतीचा रंग खरवडतो. मोठ्या झाडाखालची सावली, जिथे गवत कधीच नीट धरत नाही आणि दर वर्षी नवं बी टाकलं जातं. पंधरा अंशांहून तीव्र उतार, जिथे बसून चालवायचं मशीन नेऊच नये. या जागा तुम्हाला पाठ असतात, मालकाला नसतात. सावलीत पसरणाऱ्या रोपांचा वाफा, भिंतीलगत खडीची पट्टी, उतारावर मुळांनी माती धरणारी झुडपं, असली दोन-तीन दिवसांची कामं आधी घ्या. मी पहिल्या वर्षी अशी सहा केली. त्या सहा घरी माझा कापायचा वेळही कमी झाला, तो फायदा मी धरलाच नव्हता.

माती अडवणाऱ्या भिंतींना मात्र घाई करू नका. मागे खडी आणि पाणी काढून देणारा छिद्रांचा पाइप नसेल, तर भिंत पाण्यानेच ढकलली जाते. मीटरभराच्या वर उंची गेली की मी अभियंत्याला विचारल्याशिवाय हात लावत नाही. आणि कुदळ मारण्याआधी जमिनीखालून काय काय गेलंय ते विचारून घ्या. हे मी शिकलो कसं, ते इथे सांगण्यासारखं नाही. शेजाऱ्यांचा इंटरनेट दीड दिवस बंद होता, एवढंच.

तर माझं पारडं कुठे झुकतं ते लपलेलं नाही. तरी ज्याची घरं एका गल्लीत आहेत, ज्याला कोटेशन लिहायचा कंटाळा आहे, ज्याला संध्याकाळी डोकं रिकामं हवं आहे, त्याने गवतच कापावं, त्यात मला काहीच कमी वाटत नाही. मला मात्र परत जाववणार नाही.

मोठं मशीन मी विकून टाकलं. छोटं ठेवलंय, कारण नवी हिरवळ अंथरली की पहिल्या दोन कापण्या मीच करून देतो. मुळं धरलीत का, हे ओढून बघितल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा धीर होत नाही. तिसऱ्या कापणीला एका पोराचा नंबर देतो, हुशार आहे, धार नीट ठेवतो. मागच्या आठवड्यात चार दिवस सलग पाऊस होता. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा फोन. ‘दादा, पंधरा सेंटिमीटर झालंय. एका फटक्यात खाली आणू का?’ मी म्हटलं, नको, दोन फेऱ्यांत आण. पैसे किती फेऱ्यांचे मिळतील हे त्याने विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.