टायरेल पी३४ च्या किटच्या नावावर माझे १७,३५० रुपये गेले, कोणी ॲडव्हान्स मागून राहिलं असेल तर आधी हे वाचा

मी नागपूरला प्रतापनगरात राहतो, अकरा वर्षांपासून प्लास्टिकच्या रेसकार बनवतो. बहुतेक १/२० स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या विसाव्या भागाएवढ्या, कारण त्या खिशाला झेपतात अन् कपाटात मावतात. पण इतकी वर्षं डोक्यात एकच गाडी होती, टायरेल पी३४, आणि ती पण १/१२ मध्ये. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, ही सहा चाकांची फॉर्म्युला वन गाडी, समोर चार लहान चाकं अन् मागे दोन मोठी. डेरेक गार्डनरने डिझाइन केलेली, त्याचा विचार असा होता की समोरची चाकं लहान केली तर ती पुढच्या विंगच्या मागे झाकली जातात, हवा कमी अडते, आणि दोनच्या जागी चार असल्यामुळे पकड कमी होत नाही. १९७६ ला स्वीडनला अँडरस्टॉर्पच्या रेसमध्ये जोडी शेक्टर पहिला अन् पॅट्रिक देपाये दुसरा आला, दोघंही ह्याच गाडीत. सहा चाकांच्या गाडीने जिंकलेली एफवनची तेवढी एकच रेस आहे. कॉकपिटच्या दोन्ही बाजूला छोट्या खिडक्या होत्या, ड्रायव्हरला समोरची चाकं दिसावी म्हणून. त्या खिडक्या मला स्वतःच्या हाताने बसवायच्या होत्या, बस एवढंच.

दिवाळीपासून दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून राहिलो होतो. किट यायच्या आधीच मी कामाला लागलो होतो. मागचं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन ह्या गाडीत उघडं दिसते, व्ही८, त्याच्या आठ स्पार्क प्लगच्या वायरी किटमध्ये असतात त्यापेक्षा बारीक पाहिजेत, म्हणून सीताबर्डीतून जुन्या इअरफोनच्या वायरी आणल्या, आतली तार सोलून पाहिली, अर्ध्या मिलिमीटरच्या आतली निघाली. समोरच्या लहान चाकाची १० इंची रिम १/१२ मध्ये दोन सेंटिमीटरच्या जरा वर येते, तेवढ्या मापाची चकती कापून त्यावर पेंटचा सराव केला. निळा स्प्रे फेब्रुवारीतच मारून पाहिला, कारण नागपुरात एप्रिल लागला की स्प्रेचे थेंब पृष्ठभागावर पोचायच्या आधीच हवेत वाळतात अन् सगळं संत्र्याच्या सालीसारखं खरखरीत होते, अन् पावसाळ्यात दमटपणामुळे पांढुरका थर येतो. म्हणजे किट मार्चच्या आधी पाहिजे होता. ही घाई मी त्या माणसाला स्वतःच्या तोंडाने सांगितली, आणि मला आता वाटते की त्याने पुढचं सगळं तिच्यावरच रचलं.

मॉडेलवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तो होता. जपानवरून लॉट मागवतो, सगळ्यांचं एकत्र येते म्हणून स्वस्त पडते, असं म्हणायचा. मला पहिल्या दिवशी सर म्हणाला, दुसऱ्या दिवसापासून दादा. किटची किंमत १३,५०० सांगितली, त्यात फोटो-एच पार्ट (पातळ धातूच्या पत्र्याचे बारीक भाग) पण धरून. मी चौकशी केलेल्या दुकानांत तेच साडेसोळा-सतरापर्यंत होतं, म्हणजे स्वस्त होतं पण एवढं नाही की शंका यावी. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी तिथंच सोडून दिलं असतं, हे लक्षात घ्या, फसवणारा नेहमी फुकट देतो म्हणत नाही.

मी म्हटलं डेकल शीटचा फोटो पाठव. डेकल म्हणजे गाडीवरचे पाण्याने चिकटवायचे स्टिकर, जुन्या किटमध्ये ते पिवळे पडतात, पिवळे असले तर झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवावे लागतात (नागपूरच्या उन्हात काही दिवसांत बऱ्यापैकी पांढरे होतात, हे मी केलेलं आहे). त्याने फोटो पाठवला. पांढरे शुभ्र होते. पण त्यावर पीटरसनचं नाव होतं!

आता पाहा, बॉक्सच्या फोटोत १९७६ ची निळी गाडी. १९७६ ला ह्या गाडीत शेक्टर अन् देपाये होते, रॉनी पीटरसन आला १९७७ ला, तेव्हा गाडीवर फर्स्ट नॅशनल सिटीची जाहिरात अन् निळा-पांढरा रंग होता. म्हणजे बॉक्स एका किटचा अन् डेकल दुसऱ्याच किटचे. ज्याच्या हातात खरंच तो बॉक्स आहे त्याच्याकडून ही चूक कशी होईल? मला हे दिसलं होतं. मी त्याला विचारलं पण, तो म्हणाला दादा लॉटमध्ये दोन्ही आहेत, घाईत दुसऱ्याचा काढला, उद्या बरोबरचा पाठवतो. तो उद्या कधी आला नाही अन् मी परत मागितला नाही, कारण मला तो किट पाहिजे होता. सगळ्यात जास्त त्रास मला ह्याच गोष्टीचा होते.

बुकिंगचे ४,००० यूपीआयने टाकले. समोर एका बाईचं नाव आलं, म्हणाला बायकोचं अकाउंट आहे. ग्रुपमधल्या एकाने मला वेगळा मेसेज करून सांगितलं की मी पण ह्याच्याकडून घेतलं, एकदम भरवशाचा माणूस आहे, 'डिकेल शीट' पण ओरिजिनल असते. विकणारा पण डेकलला डिकेलच लिहायचा. मी ते दोन्ही चॅट शेजारी शेजारी ठेवून नंतर वाचले, स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडायची सवय पण तीच. एकच माणूस दोन नंबरवरून बोलून राहिला होता. मग 'शिपमेंट निघालं' म्हणून उरलेले ९,५०० मागितले, ट्रॅकिंग नंबर दिला, तो टाकला की नो रेकॉर्ड यायचं, दोन दिवसांत अपडेट होते म्हणाला, अन् मी पैसे टाकले.

आठ दिवसांनी फोन आला. हिंदीत बोलत होता, कस्टम ऑफिसमधून बोलतो म्हणे, तुमचं जपानचं पार्सल मुंबईला अडकलं आहे, ड्युटी ३,८५० भरा नाहीतर जप्त होईल. माझं नाव, पत्ता, किटचं नाव सगळं बरोबर सांगितलं. सांगणारच, मी हे सगळं त्या विकणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला दिलंच नव्हतं. क्यूआर कोड पाठवला, मी भरले. दुसऱ्या दिवशी परत फोन, आता ७,००० डिपॉझिट भरा, रिफंडेबल आहे, तपासणी झाली की परत मिळेल.

त्या दिवशी शनिवार होता, आमचे पोस्टमन काका बायकोच्या एलआयसीचं पत्र घेऊन आले. पाणी प्यायला थांबले तर मी सहज विचारलं की काका, जपानवरून पार्सल आलं तर डिपॉझिट कुठं भरायचं. ते म्हणाले, "कसलं डिपॉझिट बाप्पा? पोस्टाने परदेशातून आलं अन् ड्युटी लागली असली तर पार्सलसोबत कागद येते, पैसे आम्ही दारात घेतो अन् पावती देतो. फोनवर कोणी मागत नसते." बायको मागंच उभी होती, तिने माझा फोन घेतला, क्यूआरवालं नाव पाहिलं अन् म्हणाली, अहो हे तर कोण्या माणसाचं खाजगी खातं आहे, सरकार ह्याच्या खात्यात टॅक्स कशाला घेईल? खाजगी कुरिअरने आलं तरी ड्युटीची रीतसर पावती असते, अन् कस्टमच्या कागदावर डिन नंबर (त्या कागदाचा ओळख क्रमांक) असते, तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमच्या केंद्रीय बोर्डाच्या साइटवर टाकून खरा आहे का पाहता येते. हे मी सगळं नंतर वाचलं. ७,००० वाचले ते त्या दोघांमुळे.

लगेच १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, पाठ करून ठेवा. त्यांनी प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), तारीख, वेळ, समोरचा यूपीआय आयडी मागितला, मग सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, स्क्रीनशॉट जोडले, बँकेत अर्ज दिला. ३,८५० रुपये आदल्याच दिवशीचे होते, त्यातले २,१०० समोरच्या खात्यात थांबवता आले असं बँकेने कळवलं, हाती अजून यायचे आहेत. बाकीचे पहिल्याच आठवड्यात पुढच्या खात्यांत निघून गेले होते. मी ट्रॅकिंग नंबर खोटा दिसला त्याच दिवशी १९३० लावला असता तर कदाचित ते ९,५०० पण थांबले असते.

बॉक्सचा फोटो मी मग गुगल लेन्समध्ये टाकला, तर तोच फोटो एका जुन्या जपानी लिलावाच्या पानावर निघाला, कोपऱ्यातला टेबलक्लॉथ पण तोच. एका मिनिटाचं काम होतं. आता कोणाकडून जुना किट घ्यायचा झाला तर मी एका चिठ्ठीवर माझं नाव अन् आजची तारीख लिहून ती बॉक्सवर ठेवून फोटो मागतो, मग स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) पसरून, मग डेकल, मग टायर (जुन्या रबरी टायरने शेजारचं प्लास्टिक वितळवलेलं असू शकते, ते पण त्यातच दिसून जाते). ज्याच्याकडे किट आहे त्याला पाच मिनिटं लागतात. परवा अमरावतीच्या एका दादांनी असे फोटो न कुरकुरता पाठवले, त्यांच्याकडून १/२० ची एक लोटस रेसकार घेतली, बडनेऱ्याला जाऊन हातात पाहून, मग पैसे दिले.

ग्रुपमध्ये मी हे सगळं टाकलं तेव्हा रायपूरच्या एकाने सांगितलं की त्याचे पण ६,००० गेले, लाजेपोटी कोणाला बोलला नव्हता. त्याने पण आता तक्रार टाकली आहे. तुमच्यापैकी कोणाला 'डिकेल शीट' लिहिणारा, जपानचा लॉट म्हणणारा अन् मग कस्टमचा फोन येणारा असा कोणी भेटला असेल तर चॅट डिलीट करू नका, यूटीआर नंबर सांभाळून ठेवा अन् स्वतःची तक्रार टाका, मग मला सांगा. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी सांगितलं आहे की एकाच खात्यावर जितक्या तक्रारी जमतील तितकं पुढे सरकते, माझी सोमवारी परत तारीख आहे.