जी३१ बोर्डावर ४ टीबी हार्ड डिस्क: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोअर टू ड्युओ, इंटेल जी३१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी रॅम. भंगारवाला या मशीनचे जेमतेम चहापाण्याचे पैसे देत होता. म्हणून त्यातच ४ टीबीची डिस्क बसवली, डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि घरातल्या फोटो-व्हिडिओंचा बॅकअप तिथे ठेवायला लागलो. उन्हाळ्यापासून चालू आहे, एकदाही रुसलेलं नाही.

"या बोर्डाला २ टीबीच्या वर चालत नाही," असं दुकानदाराने ठणकावलं होतं. अर्धंच खरं. ती मर्यादा जुन्या एमबीआर पार्टिशन टेबलची, म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशन) कुठून कुठपर्यंत आहेत याच्या जुन्या पद्धतीच्या यादीची. त्यात सेक्टरचा (डिस्कवरच्या सगळ्यात लहान कप्प्याचा) क्रमांक ३२ बिटांत बसवावा लागतो, त्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरने हिशेब २.२ टीबीपाशी संपतो. लिनक्स एकदा सुरू झालं की क्षमता बायोसला (मशीन चालू होताना बोर्डावरून चालणाऱ्या प्रोग्रामला) विचारत नाही, थेट डिस्कला विचारतं. माझ्या बायोसच्या पडद्यावर आजही भलताच आकडा येतो, पण लिनक्समधली डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके ही कमांड ३.६टी दाखवते; ती १०२४ च्या पटीत मोजते, म्हणजे पूर्ण ४ टीबी. पार्टेड या पार्टिशन करायच्या प्रोग्रामने जीपीटी हे नव्या पद्धतीचं टेबल केलं, विषय मिटला.

खरी मेख बूटमध्ये, म्हणजे मशीन सुरू होण्यात आहे. या बोर्डात यूईएफआय (बायोसची नवी आवृत्ती) नाही. एमबीआर असताना पहिल्या सेक्टरनंतरच्या मोकळ्या जागेत ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) स्वतःला कोंबून घेतो; जीपीटीत तिथे टेबलच बसलेलं असतं. म्हणून १ एमबीचं वेगळं पार्टिशन करून त्याला 'बायोस_ग्रब' हा फ्लॅग द्यावा लागतो. शिवाय कर्नल (लिनक्सचा गाभा) वाचेपर्यंत ग्रबची सगळी भिस्त बायोसवरच, त्यामुळे रूट पार्टिशन (जिथे सिस्टीम बसते ते) डिस्कच्या सुरुवातीलाच ठेवलं, ४० जीबीचं. ते २ टीबीच्या पलीकडे गेलं तर बूट होईलच याची खात्री नाही.

डोक्याला ताप दिला तो जुन्या यूएसबी डॉकने (डिस्क यूएसबीवरून जोडायच्या खोक्याने). त्यात हीच डिस्क १.८ टीबीची दिसते! ४ मधून २.२ वजा करा, उत्तर तेच. आतली चिप ३२ बिटांच्या पुढे मोजत नाही, आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. अशा डॉकमध्ये पार्टिशन करायला अजिबात जाऊ नका, डिस्क सरळ बोर्डावरच्या साटा केबलला लावा.

वेगाबद्दल: साटा पुरेसं आहे, पण बोर्डावरचं नेटवर्क १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११ एमबी. पहिला मोठा बॅकअप त्यावरून करायचा तर दिवसच्या दिवस जातील. जुन्या बाजारातून गिगाबिटचं पीसीआय कार्ड आणलं, फरक लगेच कळला.

तक्रार एकच, वीज. नुसतं बसून ६० वॉटच्या आसपास खातं. चोवीस तास ठेवलं तर महिन्याला ४० युनिटांच्या वर. म्हणून बायोसमधली ठरावीक वेळी चालू होण्याची सोय वापरतो, आरसिंक (फाइली कॉपी करणारा बॅकअपचा प्रोग्राम) संपला की मशीन आपोआप बंद.

आणि हो, एक्स्ट४ ही लिनक्सची फाइलसिस्टीम रूट युजरसाठी (सिस्टीमच्या मुख्य खात्यासाठी) ५ टक्के जागा राखून ठेवते. इथे ते जवळपास २०० जीबी होतात. निव्वळ डेटाच्या पार्टिशनवर 'ट्यून२एफएस -एम ०' (tune2fs -m 0, पुढे पार्टिशनचं नाव) ही कमांड चालवून ती सोडवून घ्या.