सिग्नलला गाडी बंद पडते: आधी कार्बोरेटर खोलायचा की व्हॅक्यूम तपासायचा?

कार्बोरेटरवाली जुनी गाडी ठेवली असेल, आमच्यासारखी मारुती ८०० किंवा एखादी पद्मिनी, तर हे दुखणं ओळखीचं असणार. सायनच्या सिग्नलला उभं राहिलं की इंजिन थरथरतं, आयडलिंग खाली खाली जातं आणि गाडी बंद, मागून हॉर्न सुरू. गॅरेजवाला बघतो आणि म्हणतो कार्बोरेटर (इंजिनला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग) खोलू, किट टाकू, म्हणजे आतली गॅस्केट वगैरे नवी घालू. आमच्या १९९७ च्या गाडीत असं दोनदा किट टाकून झालं, चार दिवस बरी चालायची आणि परत तेच. शेवटी सापडलं काय, तर मॅनिफोल्डवरून, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या पाइपवरून, निघणारी बोटभर लांबीची रबरी व्हॅक्यूमची नळी. नुसती बघितली तर धडधाकट, पण वाकवली की टोकाला केसाएवढी चीर उघडायची आणि सोडली की मिटायची.

घोळ होतो कारण कार्बोरेटर तुंबणं आणि नळीतून हवा घुसणं, या दोन्ही फॉल्टची लक्षणं जवळजवळ सारखी असतात. आयडलला थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, बंद असते म्हणून मॅनिफोल्डमध्ये ओढ (व्हॅक्यूम) सगळ्यात जास्त, तेव्हा बारीक चिरेतूनही भरपूर हवा आत जाते आणि मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आयडल जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, कचरा अडकला तर पेट्रोल कमी येतं, म्हणजे मिक्श्चर पातळच. अर्धा चोक (हवा अडवून मिक्श्चर घट्ट करणारी खुंटी) ओढला की दोन्हीकडे गाडी सुधारते, रेस दिली की दोन्हीकडे बरी वाटते. त्यामुळे चोकवरून एवढंच कळतं की पेट्रोल कमी पडतंय, का ते नाही कळत.

आता दोन्ही रस्ते बघू. कार्बोरेटर खोलण्यात पैसे जातात, दिवस जातो आणि जुन्या कार्बोरेटरचे स्क्रू, फ्लोटची लेव्हल बिघडायची भीती असते, चांगला हात नसेल तर आधी होता त्यापेक्षा वाईट होऊन येतो. व्हॅक्यूम तपासायला एक गेज लागतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑनलाइन मिळतो, मॅनिफोल्डच्या नळीला टी आकाराचा जोड लावून जोडायचा आणि इंजिन गरम करून आयडलला काटा बघायचा. काही खोलायचं नाही, पंधरा मिनिटांचं काम. मला विचाराल तर सुरुवात इथूनच करा.

तब्येतीत असलेलं इंजिन साधारण १७ ते २१ इंचावर (गेजवरचे पाऱ्याचे इंच) काटा स्थिर ठेवतं. मुंबई समुद्रसपाटीला, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे धरा, महाबळेश्वरला हाच काटा चारेक इंच खाली दिसेल. काटा स्थिर पण खाली असेल तर इंजिन कुठूनतरी हवा घेतंय किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे आहे, म्हणून ठिणगीचे पॉइंट आणि टायमिंग आधी बघून घ्यायचं. काटा संथपणे वर-खाली डुलत असेल तर मिक्श्चरची गडबड, म्हणजे कार्बोरेटरवर संशय. ठरावीक तालात झटका मारत असेल तर वाल्व बघा, आणि रेस धरून ठेवल्यावर हळूहळू खाली येत असेल तर सायलेन्सर तुंबलाय. शेवटच्या दोन गोष्टींना कितीही किट टाका, फरक पडणार नाही.

गेज नसेल तर स्प्रेची जुनी युक्ती, कार्बोरेटरखालच्या गॅस्केटवर आणि नळ्यांच्या टोकांवर कार्ब क्लीनर मारायचा, जिथे आरपीएम बदलला तिथे गळती. पण हे मी गरम इंजिनवर कुणाला करू देणार नाही, शेजारी तापलेला एक्झॉस्ट आणि वायरींचा करंट असतो, आग लागू शकते. साधं पाणी बारीक फवारा, इंजिन क्षणभर अडखळलं तर जागा सापडली. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या अॅडव्हान्सची (ठिणगी थोडी आधी पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी मात्र तोंडाने ओढून बघा, आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ लावून धरली की तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर डायफ्राम, आतला रबरी पडदा, फाटलाय, तेव्हा पिकप मार खातो.

सरळ कार्बोरेटर कधी खोलायचा, तर काळा धूर येतोय, बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतोय, प्लग काजळलेत, किंवा गाडी अख्खा पावसाळा बिल्डिंगखाली झाकून उभी होती. मिक्श्चर स्क्रू फिरवून आयडलमध्ये काहीच फरक पडत नसेल तरी जेट तुंबलाय समजा. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने मिक्श्चर थोडं पातळ होतंच, वर जुनी रबरं फुगतात, कडक होऊन तडकतात. म्हणून कार्बोरेटर खोलाल तेव्हा पेट्रोलच्या आणि व्हॅक्यूमच्या सगळ्या नळ्या एकदमच बदलून टाका, एक एक करत बसू नका.

गेज घ्यायच्या आधी घरातली पीयूसीची शेवटची स्लिप काढून बघा, ती फुकटात बरंच सांगते. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटरकडे जा. सीओ कमी आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) जास्त असेल तर इंजिन मिसिंग मारतंय, तेव्हा आधी प्लग-पॉइंट बघा आणि मग नळ्या वाकवून वाकवून तपासा.